अतिवृष्टीचं अनुदान: पंचनाम्यापासून खात्यात पैसे पडेपर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

शेजाऱ्याच्या खात्यात पैसे पडले आणि आपल्या नाही, बांध मात्र एकच. अनुदान वाटप सुरू झालं की प्रत्येक गावात ही तक्रार ऐकू येते. कागद तपासले तर बहुतेक वेळा कारण ठरलेलंच निघतं: क्षेत्र चुकलेलं असतं, नाव जुळत नसतं, जमिनीचं खातं सामायिक असतं, नाहीतर आधार भलत्याच बँकेला जोडलेलं असतं. यातली प्रत्येक चूक वेळेत सुधारता येते. अडचण अशी की लोक ती सुधारायला निघतात तेव्हा तो टप्पा मागे पडलेला असतो. पंचनाम्याच्या वेळी बोलायचं ते केवायसीच्या वेळी बोलतात आणि पेरणीच्या वेळी करायचं काम पूर ओसरल्यावर आठवतं.

म्हणून खालची मांडणी क्रमाने आहे. तुम्ही आज ज्या टप्प्यावर असाल तिथून वाचा, पण आधीचा टप्पा राहिला नाही ना, हेही पाहून घ्या.

## आधी एक गोंधळ मिटवू: अनुदान वेगळं, पीकविमा वेगळा

शेतकरी ज्याला सरसकट "नुकसानभरपाई" म्हणतात त्यात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली म्हणजे आपत्तीची मदत, कागदावरचं नाव निविष्ठा (बियाणं-खतासारखा शेतीचा खर्च) अनुदान. ती महसूल यंत्रणेमार्फत मिळते, पैसा आपत्ती प्रतिसाद निधीतून आणि राज्याच्या तिजोरीतून येतो आणि त्यासाठी एक रुपयाही हप्ता भरावा लागत नाही. आधार असतो तो पंचनाम्याचा.

दुसरी म्हणजे पीकविमा. तिथे हप्ता भरलेला असावा लागतो आणि रक्कम विमा कंपनी देते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयातला विमा बंद झाला आणि त्या हंगामात भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या उत्पादनावर ठरली. "७२ तासांत ॲपवर कळवा" हा जुना नियम विम्याचा होता, अनुदानाचा कधीच नव्हता. विमा कंपनीला कळवलं म्हणून तलाठ्याच्या यादीत नाव येत नाही आणि पंचनामा झाला म्हणून विमा मंजूर होत नाही. हा लेख फक्त अनुदानाबद्दल आहे.

## दर किती, मर्यादा किती

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीचे मूळ दर असे आहेत:

- जिरायत पीक, म्हणजे फक्त पावसावरचं: हेक्टरी ८,५०० रुपये
- बागायत पीक, म्हणजे सिंचनाचं पाणी असलेलं: हेक्टरी १७,००० रुपये
- बहुवार्षिक पीक, म्हणजे फळबागा वगैरे: हेक्टरी २२,५०० रुपये
- शेतात तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला: हेक्टरी १८,००० रुपये
- जमीन खरडून वाहून गेली तर: हेक्टरी ४७,००० रुपये, फक्त अल्प व अत्यल्प भूधारकांना, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना

पिकासाठी मूळ मर्यादा दोन हेक्टरची. पिकाचं नुकसान किमान ३३ टक्के असावं लागतं, त्याखाली काहीच मिळत नाही. क्षेत्र फारच छोटं असेल तर जिरायतीला किमान १,०००, बागायतीला २,००० आणि बहुवार्षिक पिकाला २,५०० रुपये देण्याची तरतूद आहे.

मात्र हे दर राज्य सरकार त्या त्या वेळी शासन निर्णय काढून वाढवतं आणि पुन्हा खालीही आणतं. जानेवारी २०२४ च्या निर्णयाने जिरायतीला १३,६००, बागायतीला २७,००० आणि बहुवार्षिकला ३६,००० रुपये असे दर तीन हेक्टरपर्यंत दिले गेले. मे २०२५ मध्ये पुन्हा मूळ दर आणि दोन हेक्टर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाडा आणि सोलापुरात पुराने हाहाकार केल्यावर ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या पॅकेजात मर्यादा तीन हेक्टर झाली, शिवाय रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर खर्चासाठी हेक्टरी १०,००० रुपये वेगळे.

त्यामुळे "गेल्या खेपेला एवढे मिळाले होते" हा हिशेब उपयोगाचा नाही. तुमचं नुकसान ज्या महिन्यातलं आहे त्या महिन्यासाठीचा मदत व पुनर्वसन विभागाचा शासन निर्णय शोधा. त्यात दर, मर्यादा आणि जिल्हानिहाय रक्कम दिलेली असते.

लक्षात ठेवा: निविष्ठा अनुदान एका हंगामात एकदाच मिळतं. जुलैत एकदा आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा पाणी शिरलं, तरी त्याच क्षेत्रातल्या पिकासाठी दोन वेळा रक्कम धरली जात नाही.

## टप्पा १: पावसाआधी कागद सरळ करणं

सगळ्यात जास्त पैसे इथे अडतात आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच दिलं जातं.

सातबारा आणि आठ-अ (तुमच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा खातेउतारा). दोन्ही ताजे काढा आणि शांतपणे वाचा. खातेदाराचं नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का? सातबाऱ्यावर फक्त नाव आणि वडिलांचं नाव, आधारवर आडनावासकट, असा फरक असतोच; तेवढ्याने काही बिघडत नाही. पण सातबाऱ्यावर घरात हाक मारायचं नाव आणि आधारवर शाळेतलं नाव असेल, तर आत्ताच तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज द्या.

वारस नोंद. वडील जाऊन चार वर्षं झाली, जमीन मुलं कसतात आणि सातबारा अजून वडिलांच्याच नावावर. अशा खात्याचं अनुदान हमखास अडकतं, कारण मृत माणसाचा अंगठा लागत नाही आणि त्याच्या आधारवर पैसे जात नाहीत. वारसाचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन देता येतो. फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, धरल्यावर नोटिशीची १५ दिवसांची मुदत असते, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. म्हणजे पूर आल्यावर धावपळ करून हे काम आठवड्यात होत नाही. २०२५ मध्ये राबवलेल्या "जिवंत सातबारा" मोहिमेत ज्यांची नोंद झाली त्यांनीही सातबारा काढून खात्री करावी. अर्ज दिला म्हणजे नोंद झालीच असं नाही.

सामायिक खातं. तीन भावांचं एक खातं, वाटण्या तोंडी. मदतवाटपाच्या सरकारी पोर्टलवर अशा खात्याची रक्कम एकाच्या नावाने भरली जाते आणि बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. ते नसेल तर तलाठी ते खातं बाजूला ठेवतो, आणि बाजूला ठेवलेली खाती मागेच राहतात. एक भाऊ पुण्यात, एक सुरतेत असेल तर गणपती-दिवाळीला सगळे गावी आल्यावरच संमतीपत्रावर सह्या घेऊन ठेवा. पैसे कोणाच्या खात्यात येणार आणि वाटणी कशी होणार, हे त्याच बैठकीत बोलून घ्या. नंतर या पैशावरून घरं फुटतात.

शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी. जुलै २०२५ पासून पंचनाम्याला आणि मदतीला हा क्रमांक लागतो. क्रमांक निघाला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात तुमचे सगळे गट जोडलेत का ते पाहा. घरचा गट जोडलेला असतो आणि दुसऱ्या गावच्या शिवारातला गट राहून जातो, हे फार पाहायला मिळतं. आयडी काढल्यानंतर खरेदी केलेली किंवा वारसाने आलेली जमीनही त्यात आपोआप दिसेल असं धरून चालू नका.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद. सातबाऱ्यावर पीकच नसेल तर "सोयाबीन गेलं" हे सांगायला आधार राहत नाही. गटात उभं राहून, जीपीएस चालू ठेवून फोटो काढा. मिश्र पीक असेल तर दोन्ही पिकं क्षेत्रासह भरा. विहीर किंवा बोअर असून जलसिंचनाचा रकाना चुकीचा भरला तर बागायत पीक जिरायतीत जातं, आणि हेक्टरी ८,५०० रुपयांचा थेट फरक पडतो. चूक लक्षात आली तर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते.

बँक. हे नीट समजून घ्या. खातं उघडताना आधारची झेरॉक्स दिली, म्हणजे केवायसी झाली. खात्याच्या नोंदीत आधार क्रमांक टाकला, म्हणजे खातं आधारशी जोडलं. पण सरकारी पैसा आधारवरून ज्या खात्यात वळतो ती जोडणी तिसरी; तिला आधार सीडिंग किंवा डीबीटी लिंक म्हणतात आणि ती एका वेळी एकाच बँकेशी असते. शेवटी जिथे संमती दिली ती बँक धरली जाते. आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर "बँक सीडिंग स्टेटस" पाहिलं की बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे की बंद, हे दोन्ही दिसतं.

सोपी तपासणी: पीएम किसानचा हप्ता कोणत्या खात्यात पडतो ते आठवा. अनुदानही तिथेच पडेल. ते खातं बंद पडलेलं असेल किंवा त्याचं पासबुकच हरवलं असेल, तर आजच बँकेत जा.

## टप्पा २: नुकसान झाल्यावर पहिले दोन-तीन दिवस

पाणी ओसरलं की हात आधी शेत आवरायला जातात. जरा थांबा. पंचनामा व्हायच्या आत शेत साफ झालं, सडलेलं पीक बांधावर गेलं, रोटाव्हेटर फिरला, तर पथकाला मोकळं रान दिसतं. पथक यायला वेळ लागणार असेल आणि रब्बीची घाई असेल, तर निदान एक पट्टा तसाच ठेवा आणि बाकीच्या भागाचे फोटो घ्या.

फोटो काढताना:

1. जीपीएस, तारीख आणि वेळ फोटोवर उमटवणारं कॅमेरा ॲप वापरा. साध्या फोटोवर कोणीही म्हणू शकतं की हे दुसऱ्याचं रान आहे.
2. गटाच्या चारही बाजूंनी एकेक फोटो घ्या. एखाद्यात ओळखीची खूण येऊ द्या: विहीर, आंब्याचं झाड, विजेचा खांब.
3. एक फोटो जवळून घ्या. काळ्या पडलेल्या शेंगा, कोंब फुटलेलं कणीस, मुळाशी कुजलेलं रोप दिसलं पाहिजे. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की नाही हे अशा फोटोतूनच पटतं.
4. गाळ साचला असेल तर त्यात पट्टी किंवा टेप उभी करून फोटो घ्या. अट तीन इंचांची आहे, तेव्हा आकडा दिसू द्या.
5. जमीन खरडली असेल तर उघडी पडलेली मुळं, तुटलेला बांध, नदीकडची कड हे सगळं टिपा.

फोटो फोनमध्येच ठेवू नका. घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवर लगेच पाठवून ठेवा.

त्याच दिवशी तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, लेखी अर्ज द्या. गट क्रमांक, पीक, एकूण क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची तारीख, कारण आणि मोबाइल क्रमांक, एवढं पुरे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंचनामा सरसकट होणार असेल तरीही अर्ज द्या, कारण नंतर "तुमचं रान सुटलं" असं निघालं तर हातात दाखवायला फक्त ही पोच असते.

सावधान, जनावर दगावलं असेल तर: त्याला पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा. शवविच्छेदनाचा अहवाल आणि कानातल्या बारा अंकी बिल्ल्याचा फोटो नसेल तर प्रकरण उभं राहत नाही. मूळ निकषाने दुधाळ गाय किंवा म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये आहेत. प्रवाहात वाहून गेलेल्या जनावराचा देह सापडत नाही. अशा वेळी गावातल्या साक्षीदारांसह पंचनामा त्याच दिवशी करून घ्यावा, महिनाभराने कोणी तो करत नाही.

## टप्पा ३: पंचनामा

पथकात तीन जण असतात: ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायक (नवं पदनाम सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी). महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरली जाते. तुमच्या मंडळातल्या पर्जन्यमापकाने तेवढी नोंद दाखवली नाही, पण नदीचं पाणी रानात शिरलं, तर कारण "पूर" असं लिहिलं गेलं पाहिजे. कारणाचा हा एक शब्द पुढे फार नडतो. रिमझिम पाऊस दिवसच्या दिवस लागून राहिला असेल तर "सततचा पाऊस" हे कारण वेगळं आहे आणि त्याचे निकषही वेगळे आहेत.

पथक येईल त्या दिवशी घरातलं कोणीतरी रानात हजर असावं, आणि ते असं माणूस असावं ज्याला गट क्रमांक आणि क्षेत्र पाठ आहे. पंचनामा गावाच्या चौकात किंवा चावडीत बसून लिहिला जात असेल, तर नम्रपणे पण ठामपणे रानावर चला म्हणा.

सही करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी हे वाचा:

- गट क्रमांक आणि पोटहिस्सा
- पिकाचं नाव आणि ते जिरायत, बागायत की बहुवार्षिक
- बाधित क्षेत्र, हेक्टर आणि आरमध्ये
- नुकसानीची टक्केवारी
- नुकसानीची तारीख आणि कारण
- शेतकरी ओळख क्रमांक

क्षेत्राच्या आकड्यावर बोट ठेवून वाचा. एक हेक्टर म्हणजे शंभर आर, एक एकर म्हणजे साधारण चाळीस आर. तुमचं तीन एकर सोयाबीन गेलं तर तिथे १.२० लिहिलेलं असायला हवं. हाच आकडा घाईत ०.१२ असा उतरला, तर ८,५०० च्या दराने १०,२०० रुपयांऐवजी हिशेब येतो १,०२० चा. एका टिंबाच्या जागेने नऊ हजार रुपये जातात, आणि ती चूक रानात बांधावर जितक्या सहज सुधारते तितकी पुढे कुठेच सुधारत नाही.

अनुदान पेरलेल्या आणि बाधित झालेल्या क्षेत्रावर मिळतं, सातबाऱ्यावरच्या एकूण क्षेत्रावर नाही. पोटखराब (लागवडीला न येणारी जमीन), पडीक, घर-गोठा धरला जात नाही, तेव्हा दोन आकड्यांत थोडा फरक दिसला तर भांडू नका. पीक आणि जमीन दोन्ही गेलं असेल तर खरडलेल्या जमिनीची नोंद वेगळी आणि स्पष्ट करून घ्या. नुसतं "पीक वाहून गेले" लिहिलं तर जमिनीचा विषय तिथेच संपतो.

पंचनाम्याच्या कागदाचा फोटो काढा. नाही म्हणायचं कुणाला कारण नाही. तो तुमच्याच रानाचा कागद आहे.

बटईने किंवा खंडाने कसणाऱ्यांसाठी: अनुदान सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या नावाने येतं. खत, बियाणं, मजुरी तुमची गेली असली तरी यंत्रणेला ते दिसत नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच मालकाशी दोन ओळींचा लेखी करार करा की आपत्तीची मदत आली तर कोणाला किती. गावोगावी यात भरडला जातो तो कसणाराच, आणि नियम बदलेपर्यंत त्याच्या हातात एवढाच उपाय आहे.

## टप्पा ४: यादी लागते तेव्हा

पंचनामे तहसीलमध्ये गोळा होतात, तिथून जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त आणि मदत व पुनर्वसन विभाग असा प्रस्ताव जातो. शासन निर्णय निघून निधी आला की तहसील कार्यालय शेतकऱ्यांची माहिती पोर्टलवर भरतं. त्यातून प्रत्येकाला एक विशिष्ट क्रमांक मिळतो. गावात त्याला व्हीके नंबर म्हणतात. हे क्रमांक लावलेली यादी तलाठी कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत लागते. व्हॉट्सॲपवर फिरते ती त्याच यादीची कापलेली, अर्धवट प्रत असू शकते. स्वतः जाऊन पाहा.

यादीत नाव सापडलं की लोक लगेच सेतू केंद्राकडे धावतात. आधी नावापुढची ओळ शेवटपर्यंत वाचा: गट, क्षेत्र, रक्कम. ती पंचनाम्याच्या फोटोशी ताडून पाहा. तफावत असेल तर केवायसीआधीच तलाठ्याला दाखवा.

नाव नसेल तर:

1. पंचनाम्याचा फोटो आणि अर्जाची पोच घेऊन तलाठ्याकडे जा. सामायिक खातं, मृत खातेदार, फार्मर आयडी नसणं, यांपैकी कोणत्या कारणाने नाव थांबलं ते विचारा. कारण कळल्याशिवाय पुढचा अर्ज अंधारात जातो.
2. याद्या टप्प्याटप्प्याने भरल्या जातात. "पुढच्या यादीत येईल" असं उत्तर मिळालं तर तुमचं नाव पाठवलेल्या यादीची नोंद दाखवा म्हणा.
3. नाव पाठवलंच नसेल तर तहसीलच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत लेखी अर्ज द्या. सोबत सातबारा, आठ-अ, आधार, पासबुकाची झेरॉक्स आणि फोटो जोडा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

## टप्पा ५: ई-केवायसी

२०२५ च्या मदतवाटपात फार्मर आयडी असलेल्या आणि माहिती जुळलेल्या शेतकऱ्यांना ई-केवायसीतून सूट देण्यात आली. ज्यांच्या नावापुढे विशिष्ट क्रमांक आहे आणि केवायसी बाकी दिसते, त्यांना मात्र ती करावीच लागते. तुम्ही कशात मोडता ते तलाठ्याला विचारा. अंदाजाने घरी बसू नका आणि अंदाजाने रांगेतही उभे राहू नका.

जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सीएससीत जा. आधार कार्ड, विशिष्ट क्रमांक आणि आधारशी जोडलेला मोबाइल सोबत असू द्या. खातेदार स्वतः हवा, मुलगा किंवा पुतण्या चालत नाही. शेतकऱ्याकडून या कामाचे पैसे घ्यायचे नाहीत, असा नियम आहे. कोणी मागितले तर पावती मागा.

अंगठा लागला की पडद्यावर नाव, गाव, गट, क्षेत्र, रक्कम असं सगळं उघडतं. चालकाला घाई असते, मागे रांग असते आणि तो पुढचं बटण दाबून मोकळा होतो. त्याला थांबवा, पडदा तुमच्याकडे वळवायला सांगा आणि वाचा. माहिती बरोबर असेल तरच मान्य करा. क्षेत्र किंवा रक्कम चुकली असेल तर तिथेच तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती तहसीलदारांकडे जाते. एकदा मान्य केलं की नंतर "मला कमी मिळाले" हे सांगणं फार अवघड जातं, कारण तुमच्याच अंगठ्याने ते मंजूर झालेलं असतं. तक्रार केल्यास पैसे उशिरा येतात, हे खरं. दीडशे-दोनशे रुपयांच्या फरकासाठी थांबायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण अर्धं क्षेत्रच गायब असेल तर थांबा.

राबून घासलेल्या बोटांचे ठसे बऱ्याच जणांचे उमटत नाहीत. हात धुऊन, पुसून, दुसऱ्या बोटाने प्रयत्न करा. तरी जमलं नाही तर मोबाइलवरच्या ओटीपीचा किंवा डोळ्यांच्या स्कॅनचा पर्याय विचारा. आजी-आजोबांना रांगेत तिष्ठत ठेवण्यापेक्षा आधी आधार केंद्रात बोटांचे ठसे अद्ययावत करून घेतले तर पुढच्या प्रत्येक योजनेला उपयोग होतो.

निघताना केवायसीची पावती घ्या. तिच्यावर विशिष्ट क्रमांक आणि तारीख आहे ना, ते पाहा.

सावधान: "अनुदान मंजूर झालंय, लिंक उघडा, ओटीपी सांगा" असा फोन किंवा संदेश आला तर तो फसवणुकीचा आहे. केंद्रात तुमच्यासमोर होणाऱ्या केवायसीशिवाय ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, तलाठ्याचं नाव सांगून फोन आला तरीही.

## टप्पा ६: पैसे आले नाहीत तर

पोर्टलवर विशिष्ट क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती पाहता येते. मोबाइलवर जमत नसेल तर सेवा केंद्रात पाहून मिळेल. तिथे काय दिसतं त्यावर पुढची वाट ठरते.

केवायसी बाकी दिसते. पावती हातात असूनही असं दिसत असेल तर केंद्रात पुन्हा तपासून घ्या. नोंद अर्धवट राहिलेली असू शकते.

आधार जोडलेलं नाही किंवा जोडणी बंद आहे. तहसीलमध्ये जाऊन उपयोग नाही, हे काम बँकेचं. शाखेत आधार सीडिंगचा फॉर्म भरा, काही दिवसांनी स्थिती पुन्हा पाहा आणि जोडणी चालू दिसली की तलाठ्याला कळवा, म्हणजे रक्कम पुन्हा पाठवण्याच्या यादीत तुमचं नाव राहील. हे कळवायचंच बहुतेक जण विसरतात आणि बँकेचं काम होऊनही महिने जातात.

रक्कम जमा झाली असं दिसतं, पण पासबुकात नाही. पडद्यावर बँकेचं नाव पाहा. ती बँक दुसरीच असते. पूर्वी कधीतरी उघडलेल्या, विसरलेल्या खात्याला आधार जोडलेलं राहिलेलं असतं. त्या बँकेत पासबुक भरून घ्या.

रक्कम जमा झाली आणि बँकेने कर्जात वळती केली. आपत्तीच्या मदतीतून वसुली करू नये, अशी सूचना या शासन निर्णयांतच असते. तुमच्या वेळच्या निर्णयाची छापील प्रत काढा, तो मुद्दा अधोरेखित करा आणि शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला. तोंडी वाद घालण्यात दिवस घालवू नका. खातं गोठवून ठेवलं असेल तरी हाच मार्ग.

खातेदाराचं मधल्या काळात निधन झालं. यादी त्याच्या नावाने आणि केवायसी होऊ शकत नाही. मृत्यूचा दाखला, वारस फेरफार झालेला सातबारा आणि इतर वारसांचं संमतीपत्र जोडून तहसीलदारांकडे नाव बदलण्याचा अर्ज द्यावा लागतो.

अर्ज करूनही हालचाल नसेल तर वर चढण्याचा क्रम पाळा: तलाठी, मंडळ अधिकारी, तहसीलची नैसर्गिक आपत्ती शाखा, तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, मग जिल्हाधिकारी कार्यालय. आपले सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर तक्रार टाकताना आधीच्या अर्जाचा आवक क्रमांक द्या, नाहीतर ती फिरून तलाठ्याकडेच येते.

तरीही उत्तर नाही, तर माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं शुल्क, उत्तराला ३० दिवसांची मुदत. प्रश्न "मला पैसे का नाही मिळाले" असा विचारू नका, कागद मागा. अमुक गटाच्या पंचनाम्याची प्रत, गावाच्या पाठवलेल्या यादीची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत. तुमचं नाव नेमकं कोणत्या टेबलावर थांबलं, हे त्या टिपणीत दिसतं, आणि पुढचा अर्ज थेट तिथेच करता येतो.